दिव्याभोवतीचे पतंग

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला परवाना म्हणतो, त्याला मराठीत पतंग म्हणतात. दोऱ्याने आकाशात उडवतो, तोही पतंगच! वाक्य पूर्ण वाचले की कोणता पतंग ते समजते.

शायरीतला परवाना शमेवर जीव ओवाळून टाकतो. शास्त्रज्ञांना मात्र वेगळेच दिसले. त्यांनी वेगवान कॅमेऱ्याने दिव्याभोवती फिरणारे कीटक टिपले आणि 2024 मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ असते. पतंग आपली पाठ उजेडाकडे ठेवून उडतो, म्हणून त्याला वर कोठे व खाली कोठे हे कळते. बल्ब लागला की तो बल्बलाच आभाळ समजतो, पाठ तिकडे वळवतो आणि घिरट्या घालत राहतो. बिचारा आशिक नाही, वाट चुकलेला आहे.

काटेपूर्णा अभयारण्य अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. तेथे सागाची झाडे आहेत. पावसाळा सरता सरता सागाची पाने कधी कधी जाळीसारखी दिसतात. शिरा तेवढ्या उरतात. मुले विचारतात, "सर, पाने जळाली का?" जळालेली नसतात. एका लहान पतंगाच्या अळ्यांनी ती खाल्लेली असतात. खाते ती अळी, पतंग नव्हे.

अळी काय करू शकते, हे आमच्या घरी 2017 साली कळले. त्या वर्षी विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. चाचांच्या शेतात पऱ्हाटी छातीपर्यंत वाढली होती. बोंडे बाहेरून हिरवीगार होती. फोडून पाहिली, तर आत अळी! तिने सरकी पोखरली होती. अळी बोंडात शिरते ते छिद्र पुढे बुजून जाते, मग फवारलेले औषध आत पोहोचत नाही. वेचणीला पांढऱ्या कापसाऐवजी कवडी हाती आली. चाचांनी आपाचे लग्न एक वर्ष पुढे ढकलले.

मी तेव्हा बी.एड. करत होतो. त्या रात्री अंगणातल्या दिव्याखाली आले तेवढे पतंग मी चपलेने मारले. रागापुढे शिक्षण चालले नाही. सकाळी अम्मीने ते झाडून काढले. त्यांत बोंडअळीचा पतंग एक तरी होता का, कोण जाणे! तो बोटाच्या नखाएवढा, मळकट तपकिरी असतो.

आता चाचा शेतात कामगंध सापळे लावतात. मादी पतंग रात्री एक गंध सोडते. त्या वासावर नर येतो. तसाच कृत्रिम गंध सापळ्यातल्या रबराच्या तुकड्यात भरलेला असतो. नर फसतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. चाचा रोज सकाळी पतंग मोजतात. सलग 3 रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त आले, तर उपाय करायची वेळ झाली. पाकळ्या न उमललेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या फुलाला डोमकळी म्हणतात. तिच्यात अळी असते. चाची अशा डोमकळ्या तोडून आणतात. फरदड, म्हणजे वेचणीनंतर पुन्हा पाणी देऊन पीक लांबवणे, चाचांनी सोडून दिले आहे.

याच पतंगांचा एक भाऊबंद गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत लोकांना रोजगार देतो. तो टसरचा पतंग. त्याच्या अळ्या ऐन आणि अर्जुन या झाडांची पाने खातात व स्वतःभोवती टणक कोसा विणतात. त्यापासून टसर रेशीम मिळते. पतंग झाल्यावर मात्र तो काहीच खात नाही, कारण त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. थोडेच दिवस तो जगतो. अमेरिकेच्या जंगलातला फिकट हिरवा लूना पतंगही असाच, आठवडाभराचा पाहुणा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भिंतीवर तळहाताएवढा पतंग येऊन बसला. पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके होते. आपाचा लहान मुलगा चप्पल घेऊन धावला. चाचांनी त्याचा हात धरला.

"थांब बेटा, आधी बघू दे, कोण आला आहे."

"नाना, हाच कापूस खातो का?"

"नाही रे, तो एवढा मोठा नसतो."

चाचांनी बल्ब बंद केला. थोड्या वेळाने टॉर्च लावून पाहिले, तर भिंत रिकामी होती.