रॅम्पचे माप

अपंग व्यक्तीला समान हक्क मिळतात की नाही, याची पहिली परीक्षा इमारतीच्या दारात होते. दाखला, अनुदान, नोकरी, मतदान, मुलाचा शाळाप्रवेश यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुठल्या तरी कार्यालयात शिरावे लागते, आणि बहुतेक कार्यालये जोत्यावर बांधलेली असतात. म्हणून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा वाचताना आरक्षणाच्या कलमांइतकेच लक्ष कलम ४४ आणि ४५ कडे द्यावे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याने १९९५ च्या जुन्या कायद्यातील अपंगत्वाचे सात प्रकार एकवीसवर नेले. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम १५ जून २०१७ ला आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच सरली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नियमांत नमूद केलेली मानके नुसती शिफारशीच्या भाषेत आहेत आणि ते मूळ कायद्याला धरून नाही, असे सांगून किमान मानके बंधनकारक करण्याचा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला.

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती मार्गावरच्या वाडीत हा विषय थोडा वेगळा दिसतो. ट्रान्सपोर्ट कंपन्या, गोदामे, गॅरेजेस आणि शेजारची अंबाझरी आयुध निर्माणी हे इथले पोटापाण्याचे आधार. अपंगत्व म्हटले की जन्मजात व्यंग किंवा पोलिओ डोळ्यांसमोर येतो. पण जिथे लोक दिवसभर माल चढवतात-उतरवतात, ट्रकवर चढतात आणि यंत्रांशी खेळतात, तिथे काल धडधाकट असलेला हमाल किंवा क्लीनर आज कुबड्यांवर असू शकतो. अशा माणसाला कायद्याची, कागदपत्रांची काहीच सवय नसते. पुढील मजकूर मुख्यतः त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. या मजकुराला आधार आहे तो प्रस्तुत लेखिकेच्या व्हीलचेअरवरून कार्यालयांचे उंबरठे झिजवण्याच्या अनुभवाचा.

सुरुवात रॅम्पपासून. मानक साधे आहे: १ ला १२. म्हणजे एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबीचा उतार. पंधरा सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लागतो, अशा चार पायऱ्यांच्या जोत्याला ७.२ मीटर. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडा, खाली आणि वर दीड मीटर सपाट जागा, म्हणजे खुर्ची वळवता येते आणि दार उघडताना मागे घसरत नाही. एवढी लांबी सरळ मिळत नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवायचा.

वाडी परिसरातल्या एका कार्यालयात मात्र याच चार पायऱ्यांना जेमतेम दोन मीटरचा रॅम्प केला होता. म्हणजे १ ला ३.३ असा चढ. मालाची हातगाडी दोघांनी रेटली तर त्यावरून चढली असती. व्हीलचेअर वर ढकलली की मागे उलटण्याच्या बेतात येई आणि उतरताना सुटलीच तर थेट रस्त्यावर. वर पोचल्यावर दाराला दोन बोटे उंच उंबरठा. खुर्चीची पुढची लहान चाके त्याला अडून बसत. फरशी गुळगुळीत ग्रॅनाइटची, पावसाळ्यात कुबडीचे रबर तिच्यावर टिकेना. एका बाजूला स्टीलचा कठडा होता, पण तो उघड्यावर. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी त्या कठड्याला हात लावणे शक्य नसते, तळहात भाजतो. मुंबई-पुण्याच्या नकाशावरून इथे कठडे उभारणाऱ्यांना हे कोणी सांगितलेले नसते. त्यावर छप्पर घालावे किंवा पाईपला रबरी आवरण चढवावे, खर्च फार नाही. आणि रॅम्पच्या पायथ्याशी हमखास दुचाक्या लावलेल्या.

कागदोपत्री या इमारतीत ‘रॅम्प आहे’ या रकान्यासमोर ‘होय’ असेच लिहिले जाते. तपासणीचे तक्ते असेच असतात. त्यांत चढ मोजायला जागा नसते.

दारात अडकलेल्या माणसाला मदत लगेच मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिपाई, पानटपरीवाला, रांगेतला कोणी तरी पुढे येतो: “थांबा ताई, उचलून घेतो ना तुम्हाले.” माणुसकी खरी, त्यात खोट काढू नये. पण परक्या चार हातांनी उचलले जाणे बायकांना नको असते. पुरुषांनाही आवडते असे नाही. खुर्ची तिरकी होते, कपडे वर जातात, पाठीचा कणा दुखावलेला असेल तर झटक्याने इजाही होते. मग घरात ठरते की पुढच्या वेळी भावाला पाठवू. भाऊ जातो, सही आणतो. असे वर्षभर चालले की साहेब अगदी प्रामाणिकपणे म्हणतात, “इथं तर दिव्यांग कोणी येतच नाही, एवढा खर्च कोणासाठी करायचा?” या वाक्याला उत्तर एकच. शक्य असेल तितक्या वेळा स्वतः जावे, आणि दाराबाहेर थांबावे लागले तर तसे लेखी नोंदवावे. उचलून घ्यायला नम्रपणे नकार द्यावा आणि संबंधित कर्मचाऱ्याला कागद घेऊन खाली बोलवावे. खाली येणाऱ्याला पायऱ्यांची उंची आपोआप कळते.

स्वच्छतागृहाचा प्रश्न दाराइतकाच निकडीचा, पण त्यावर बोलायला संकोच वाटतो, म्हणून तो मागे पडतो. दार ९० सेंटीमीटर मोकळे, बाहेर उघडणारे किंवा सरकते. आत खुर्ची फिरवायला दीड मीटरचे वर्तुळ. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच आणि शेजारी पकडायला दांडा. जुन्या इमारतींत हे दार अनेकदा अडीच फुटांचे, म्हणजे ७५ सेंटीमीटरचे असते; चौकटीची जाडी आणि अर्धवट उघडणारी झडप धरली तर त्यातून खुर्ची जाताना बोटांची कातडी सोलते. अशी सोय नसली की माणूस सकाळपासून पाणी पिणे टाळतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात आणि पाठीच्या कण्याच्या दुखापतीत ते मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण ठरते.

आता मागणी कशी करावी ते. ‘दिव्यांगांना त्रास होतो, कृपया सोय करावी’ अशा अर्जाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर येते, कारण त्यात कार्यवाही करण्यासारखे काही नसते. वर सांगितलेल्या कार्यालयात दुसऱ्यांदा दिलेल्या अर्जात जोत्याची उंची, उताराची सध्याची लांबी, हवी असलेली लांबी, दाराची रुंदी असे आकडे होते आणि मोजपट्टी लावून काढलेले फोटो होते. त्यानंतर कनिष्ठ अभियंता येऊन मोजणी करून गेला आणि काही महिन्यांनी उतार वळवून नव्याने बांधला गेला. अभियंत्याच्या टेबलावर भावनेपेक्षा सेंटीमीटर लवकर पोचतो, हे सोसलेल्या माणसाचे मत आहे. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नये. तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. त्याने तक्रारीची नोंद ठेवायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. हे कलम प्रामुख्याने नोकरीतल्या भेदभावासाठी आहे, पण इमारतीच्या तक्रारीतही त्या अधिकाऱ्याचे नाव विचारले की कागद हलतो. तिथे दाद लागली नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायद्याच्या भंगाला कलम ८९ खाली पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड सांगितला आहे. दंडाची धमकी पहिल्याच अर्जात घालू नये. पोच असलेले दोन अर्ज हाताशी आल्यावर तिचा उपयोग होतो.

अपंगत्वाच्या दाखल्याचे काम नागपुरात बहुधा मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांशी येते. अर्ज यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) संकेतस्थळावर भरायचा, मग तपासणीला जायचे. २०२४ मध्ये नियम बदलले आणि कार्डांना रंग आले: ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे, ८० आणि वर निळे. जुना हस्तलिखित दाखला कपाटात जपून ठेवलेला पुष्कळांकडे आहे. योजनांच्या खिडकीवर आता यूडीआयडीच मागतात, म्हणून तो वेळीच बदलून घ्यावा. सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात ते नावामुळे. आधारवर वडिलांचे नाव आहे, बँकेत नवऱ्याचे, दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. तिन्ही कागद समोरासमोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवल्यावरच अर्ज भरावा. दाखला कायमचा आहे की ठरावीक मुदतीचा, तेही पाहावे. मुदत संपलेला दाखला अनुदान बंद पडल्यावरच आठवतो. मिळालेली टक्केवारी पटत नसेल तर अपील करता येते. मात्र खिडकीवर वाद घालून टक्केवारी वाढत नाही, तपासण्यांचे कागद जोडून वाढली तर वाढते.

महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. वाडीत नगर परिषद असल्याने इथल्या रहिवाशांचा संबंध त्या निधीशी येतो. आधी आपले नाव तिथल्या दिव्यांग नोंदवहीत आहे का पाहावे. मग माहिती अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून दोनच गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी किती रक्कम बाजूला काढली आणि ती कशावर खर्च झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अनेक ठिकाणी या निधीतून वर्षअखेरीस थोडे थोडे पैसे वाटून टाकण्याची पद्धत पडली आहे. गरजूला ते हवेच असतात, त्याला नावे ठेवता येणार नाहीत. तरी एका वर्षीच्या रकमेतून एक स्वच्छतागृह नीट झाले तर ते पुढे कितीतरी वर्षे सगळ्यांच्या उपयोगी पडते, असा आग्रह लाभार्थ्यांनीच धरायला हरकत नाही.

नोकरीच्या बाबतीत कायदा दोन तऱ्हांनी बोलतो. शासकीय आस्थापनांत चार टक्के आरक्षण आहे, आणि कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कमी करता येत नाही किंवा त्याचा दर्जा घटवता येत नाही. तेच काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यायचे. खासगी गोदामातल्या हमालाला हे संरक्षण नाही. तिथे वीस किंवा अधिक कामगार असतील तर मालकाने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, त्यात कोणती कामे आणि कोणत्या सोयी ते लिहायचे असते. गोदामांत स्कॅनिंग, पॅकिंग, बिल्टी लिहिणे, हिशेब अशी बसून करायची कामे भरपूर असतात. अपघातानंतर मालक रोख रक्कम देऊन घरी पाठवू पाहतो, तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नये. ईएसआयसीचा क्रमांक, हजेरीचा पुरावा आणि रुग्णालयाची कागदपत्रे आधी ताब्यात घ्यावीत.

दाराबाहेर रस्ता आहे, आणि वाडीतला रस्ता हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते; छातीच्या उंचीवरचा सांगत नाही. कडेला उभ्या ट्रकचा मागचा भाग फुटपाथवर पुढे आलेला असतो. काठी चाकांच्या मागच्या मोकळ्या जागेतून निर्धास्त पुढे जाते आणि अंध माणसाचे कपाळ फाळक्यावर आदळते. दुकानांच्या झुकत्या पाट्यांचे, ताडपत्रीच्या दोऱ्यांचेही तेच. कर्णबधिरांची अडचण याहून कमी दिसते म्हणून कमी समजली जाते. नाव पुकारून बोलावण्याच्या कार्यालयात ते दिवसभर बसून राहतात. क्रमांक दाखवणारी पाटी लावली तर हा प्रश्न फारशा खर्चाविना सुटतो. ती नसेल तर लिपिकाच्या हातात आपला क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी देऊन ठेवावी. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. पायरीची उंची मात्र सगळ्यांना सारखीच.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यातली वासुदेवनगरपासूनची एक शाखा वाडीतल्या दत्तवाडीपर्यंत येणार आहे. मेट्रो स्थानकात लिफ्ट असते आणि अंधांसाठी उंचवट्यांची फरशी असते. पण ती स्थानकाच्या हद्दीत संपते. तिथून घरापर्यंतचा अर्धा किलोमीटर नगर परिषदेचा आणि रस्ते बांधणाऱ्या यंत्रणांचा. फुटपाथची रुंदी, चौकातल्या कडेचा उतार, विजेच्या खांबांची जागा या गोष्टी काँक्रीट ओतण्याआधीच बदलता येतात. वाडीकरांनी त्याबद्दलच्या सूचना मापांसह, लेखी आणि पोच घेऊन आताच द्याव्यात.