यंत्रबुद्धीचे पुढचे पाऊल : काळजी कोठे करावी?

यंत्र माणसाहून हुशार होईल काय, हा प्रश्न अलीकडे वर्गात व वर्गाबाहेरही वारंवार निघतो. चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो, हे सारे थोतांड. दुसरा म्हणतो, आता जगबुडी आली. दोन्ही पक्षांचा एक दोष समान आहे. ते कृत्रिम बुद्धिमत्तेला एकच वस्तू समजतात. वस्तुतः तिच्या वाटेवर अनेक पावले आहेत. त्यांपैकी कोणते पाऊल काळजीचे व कोणते नव्हे, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हुशारी म्हणजेच धोका नव्हे. १९९७ साली 'डीप ब्ल्यू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला बुद्धिबळात हरविले. म्हणून बुद्धिबळ बुडाले नाही. आपल्या विदर्भकन्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तो यंत्रे माणसाच्या कितीतरी पुढे गेल्यानंतरच. त्या यंत्राची सत्ता चौसष्ट घरांपुरती आहे. पटाबाहेर त्याला हात नाहीत.

मग धोका कशात असतो? याचे उत्तर वऱ्हाडच्या माणसाने परदेशात शोधण्याचे कारण नाही. ते आपल्या कपाशीच्या वावरात आहे.

२००२ साली आपल्या देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीला आळा बसला, फवारणी कमी झाली. म्हणजे पाऊल निव्वळ चुकीचे होते असे म्हणता येत नाही. तथापि त्याला एक अट होती. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची लहान पुडी मिळे. ते बियाणे कडेने पेरावयाचे, म्हणजे तेथे साध्या अळ्या जगतात आणि विषाला दाद न देणाऱ्या अळ्यांची पैदास लांबते. ही पुडी अनेकांनी पेरलीच नाही. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भाची बोंडे पोखरली. नियम कागदावर होता, वावरात नव्हता.

दुसरा प्रसंग आपल्याच जिल्ह्यातला. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे उघडपणे पेरले. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तपासणी पुरी झालेली नाही, हे सरकारचे म्हणणेही खोटे नव्हते. परंतु बियाणे एकदा हातोहात पसरले की बंदीचा कागद त्याला परत बोलावू शकत नाही.

या दोन प्रसंगांतून तीन कसोट्या निघतात. पाऊल मागे घेता येते काय? ते टाकण्यापूर्वी तपासता येते काय? आणि चुकल्यास नुकसान कोणाच्या पदरी पडते?

आता यंत्रबुद्धीकडे वळू. पहिले पाऊल म्हणजे अधिक मजकूर व अधिक संगणक वापरून यंत्र मोठे करणे. ते काय शिकेल हे आधी पुरतेपणी सांगता येत नाही, म्हणून येथे सावधपणा हवा. परंतु ते नुसते उत्तरे देते तोवर माणूस मध्ये उभा असतो. दुसरे पाऊल म्हणजे त्याला स्वतः कृती करू देणे : पत्रे पाठविणे, पैसे भरणे, संगणक चालविणे. येथे तपासणीची कसोटी कठीण होते. २०१६ साली ओपनएआय या संस्थेने एका यंत्राला होडीच्या शर्यतीचा संगणकीय खेळ शिकविला. गुण वाटेतील खुणांवर आदळून मिळत. यंत्राने शर्यत सोडली आणि एकाच जागी गोल फिरून गुण गोळा केले! ते लबाड नव्हते. आपण मागितले एक आणि मोजले दुसरे, एवढेच झाले.

तिसरे पाऊल म्हणजे यंत्रानेच पुढचे यंत्र घडविणे. आय. जे. गुड या गणितज्ञाने १९६५ सालीच हा विचार मांडला होता. या फेऱ्यात प्रत्येक पिढी मागच्या पिढीहून वेगाने आली, तर तपासणाऱ्या माणसाला सवडच उरणार नाही. तिन्ही कसोट्यांवर हेच पाऊल सर्वांत गंभीर ठरते, असे आमचे मत आहे. शास्त्रज्ञांत मात्र एकमत नाही. जेफ्री हिंटन आणि यान लेकून यांना २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार योशुआ बेंजिओ यांच्यासह मिळाला. हिंटन यांनी २०२३ साली गूगल सोडून धोक्याचा इशारा दिला. लेकून यांना ही भीती अवास्तव वाटते.

कोणी विचारील, दूरच्या संकटाची चर्चा कशाला? जवळचे पाहा. आक्षेप रास्त आहे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. उद्या यंत्र शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला देईल. "मले सांग" म्हणणाऱ्याची वऱ्हाडी त्याला नीट कळेल काय? सल्ला चुकला तर भरपाई कोण देईल? परंतु जवळचा व दूरचा हे प्रश्न परस्परविरोधी नाहीत. चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी आज ज्याला ठरविता येत नाही, त्याला उद्याचे मोठे यंत्र कसे आवरता येणार? सवय लहान कामातच लावावी लागते.

हा विषय केवळ विज्ञानशाखेचा नव्हे. यंत्र कसे बनते हे अभियंता सांगेल. अट कोणी घालावी, ती पाळली जाते की नाही हे कोणी पाहावे आणि नुकसान कोणी सोसावे, हे प्रश्न राज्यशास्त्राचे, अर्थशास्त्राचे व नीतिशास्त्राचे, म्हणजे आपल्याच वर्गांतले आहेत. पुढच्या वादविवाद स्पर्धेत 'यंत्र वरदान की शाप' हा जुना विषय बाजूला ठेवून 'कोणते पाऊल, कोणत्या अटीवर' असा विषय ठेवावा, ही विद्यार्थी मित्रांना व प्राध्यापकांना विनंती.