आहारत्याग आणि आहारपूर्ती

उपदेश घेतल्यावर मांस व मद्य यांचा त्याग करावयाचा, हे पंथात लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या सामिष आहार चालत आला, त्या नव्या वासनिकाचे ताट दुसऱ्या दिवशी कशाने भरावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्याग सांगितला आणि पूर्ती सांगितली नाही, तर साधक अशक्त होतो, घरची मंडळी त्याचे खापर धर्मावर फोडतात, आणि घेतलेला नेम मोडण्याची वेळ येते. म्हणून येथे दोन्ही अंगे पाहू.

प्रथम विचार. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वपरिचित आहे. पारध्यांच्या भयाने पळणारा ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला आणि गोसावियांनी त्यास अभय दिले. पारधी ससा मागू लागले, तेव्हा गोसावी त्यांना हाकलून लावीत नाहीत; त्यांच्याशी बोलतात. दया सशावर तशीच पारध्यावरही आहे. ज्याने अजून मांस सोडले नाही, त्याच्याशी तुच्छतेने बोलणारा उपदेशी या लीळेचा अर्धाच अर्थ घेतो.

आता आचार. मांसातून मिळणारी प्रथिने डाळी, कडधान्ये, शेंगदाणे व सोयाबीन यांतून मिळतात. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ थोडी आणि पाणीच फार. तेव्हा वरण घट्ट असावे, अथवा मटकी-हरभऱ्याची उसळ असावी. धान्याच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते, ती डाळ भरून काढते. डाळीत जे उणे, ते धान्य पुरविते. भाकरी-पिठल्याची आपली जोडी या दृष्टीने सार्थ आहे. वनस्पतीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ब-१२ हे जीवनसत्त्व धान्य-भाज्यांतून मिळत नाही. दूध, दही, ताक यांतून काही प्रमाणात मिळते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा कळते. थकवा येतो, हातापायांस मुंग्या येतात. जे दूधही घेत नाहीत, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याने हे जीवनसत्त्व औषधरूपाने अवश्य घ्यावे. गर्भवती, बालके व वृद्ध यांच्याबाबत तर हयगय नकोच.

कोणी म्हणेल, देहाची एवढी चिंता साधकास कशाला? उत्तर असे की, ज्या देहाने स्मरण आणि सेवा घडावयाची, त्यास विनाकारण पीडा देणे ही अहिंसा नव्हे.

शेवटी घरातील चुलीविषयी. एकाने नेम घेतला आणि इतरांनी घेतला नाही, तर वेगळ्या भांड्यांचा व दुहेरी स्वयंपाकाचा भार बहुधा घरातील माउलीवर पडतो. नेम घेणाऱ्याने तो भार स्वतः उचलावा. डाळ निवडावी, कडधान्य भिजत घालावे, आपली भांडी आपण घासावी. उपदेशाची इच्छा असणाऱ्याने आधीच काही मास सामिष दिवस कमी करीत जावे, म्हणजे देह आणि घर दोन्ही सिद्ध होतात. उपदेश घेतल्यावर मात्र नेमात सूट नाही.

सर्वांस दंडवत प्रणाम.