चिखल : हवा कोठे आणि नको कोठे

पाणी व माती यांच्या मिश्रणास आपण चिखल म्हणतो. हा शब्द जुना असून प्राकृतातील ‘चिक्खल्ल’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. बोलण्यात तो अनेक अर्थांनी येतो. पिकलेली फळे चेंगरली म्हणजे ‘फळांचा चिखल झाला’ असे म्हणतात. एखाद्याची बदनामी करणे म्हणजे चिखलफेक. आणि ओल्यात वावरून पायाच्या बोटांच्या बेचक्यांत जी कातडी कुजते, त्या विकारास ‘चिखल्या’ म्हणतात. या सर्व प्रयोगांत घाण वा नासाडी हाच भाव आहे. शेतीत मात्र या शब्दाला दोन बाजू आहेत. भातकरी चिखल मुद्दाम करतो. काळ्या रानातील शेतकरी तो टाळतो. हा भेद न जाणता दिलेला सल्ला हंगाम बुडवू शकतो.

भातखाचरातील चिखल

खाचरात पाणी साठवून ते उभे-आडवे नांगरणे व फळी फिरवून सपाट करणे, यास चिखलणी म्हणतात. तिच्यामुळे मातीचे रवे मोडतात आणि बारीक कण खाली बसून छिद्रे बुजतात. त्यामुळे पाणी झिरपून जाण्याचे प्रमाण कमी होते, तण गाडले जाते व रोपे सहज रोवता येतात. गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी गाडल्यास तो लवकर कुजून खत होते. चिखलणीपूर्वी बांधातील खेकड्यांची बिळे बुजवावीत. अन्यथा साठविलेले पाणी व त्यासोबत खतही वाहून जाते.

चारसूत्री पद्धतीत लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅम वजनाची युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल खोचतात. चिखलात हवा नसल्याने तेथे नत्र अमोनियमच्या रूपात टिकते व पिकास सावकाश मिळत राहते.

काळ्या रानातील चिखल

काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असते. पेरणीच्या घाईने अशा ओल्या रानात पाभर किंवा ट्रॅक्टर घातला, तर तेथेही चिखलणीच होते. परंतु ज्वारी, तूर, कापूस ही पिके भाताप्रमाणे साचलेल्या पाण्यात वाढणारी नव्हेत. मातीतील पोकळ्या दाबल्या जाऊन मुळांना हवा मिळत नाही, बी कुजते आणि रान वाळल्यावर टणक ढेकळे निघतात. याकरिता वाफसा येईपर्यंत थांबणे हाच उपाय होय.

वाफशाची परीक्षा सोपी आहे. सुमारे १० सें.मी. खोलीवरील मूठभर माती घेऊन दाबावी व तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. गोळा फुटून माती भुसभुशीत पसरली, तर वाफसा आला असे समजावे. गोळा न फुटता चपटा झाला, तर रान अद्याप ओले आहे. गोळाच वळला नाही, तर ओल कमी पडली आहे.

भातानंतरचे पीक

ज्या खाचरात भातानंतर वाल किंवा हरभरा घ्यावयाचा असेल, तेथे गरजेपेक्षा अधिक चिखलणी करू नये. चिखलणीने मोडलेली मातीची घडण लगेच पूर्ववत होत नाही व पुढील मशागतीत ढेकळे त्रास देतात.

आरोग्याची काळजी

जनावरांच्या व उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग जखमेवाटे शरीरात शिरतो. म्हणून हातापायांवरील जखमा झाकाव्यात, शक्य तेथे गमबूट वापरावेत व काम आटोपताच साबणाने हातपाय धुवून बेचके कोरडे करावे. लावणीच्या दिवसांत ताप आल्यास अंगावर न काढता त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

‘पाऊस झाला, रान भिजले, आता कामास लागा’ हा सल्ला खाचरात योग्य, तर काळ्या रानात घातक ठरतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम जमीन व पीक पाहावे, मूठभर माती हाती घ्यावी आणि मगच सल्ला द्यावा.