धनैषणा आणि दिनचर्या : घरी राहून नोकरी शोधणाऱ्या रुग्णाचा विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राण गेले तर सर्वच गेले, म्हणून प्राणरक्षण प्रथम. त्याच्या लगोलग धनाचा विचार येतो. कारण उपजीविकेच्या साधनांवाचून दीर्घायुष्य लाभणे यासारखे पाप नाही, असे आचार्यांचे मत आहे. कृषी, पशुपालन, वाणिज्य व राजोपसेवा ही साधनेही त्यांनी तेथेच दिली आहेत. तेव्हा ‘नोकरीचे तुमचे तुम्ही पाहा, मी औषध देतो’ असे वैद्याने म्हणणे शास्त्रास धरून नाही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर दूरस्थ मुलाखती रूढ झाल्या. अर्ज, चाचणी, मुलाखत सारे घरातील एका खुर्चीत होते. पूर्वी नोकरीसाठी वणवण करणारा मनुष्य निदान चालत तरी होता, आणि कचेऱ्या बंद झाल्या की त्याचा शोधही त्या दिवसापुरता थांबत असे. आता शोधाला वेळेची मर्यादा राहिलेली नाही. माझ्या मते मूळ हेतू हाच आहे.

एक रुग्ण उदाहरणादाखल घेऊ. संगणक क्षेत्रातील पुरुष, वय ३८, नोकरी जाऊन पाच महिने झालेले. अन्नावर वासना नाही, तोंडास चव नाही, अंग जड, अंगमर्द, दिवसा तंद्रा आणि रात्री झोप नाही. रक्ततपासण्या प्राकृत. ही सर्व रसप्रदोषज लक्षणे होत, अनिद्रा तेवढी वेगळी. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात रसवह स्रोतसाच्या दुष्टीहेतूंमध्ये गुरू, शीत, अतिस्निग्ध व अतिमात्र आहाराबरोबर अतिचिंतनही गणले आहे. शिवाय चिंता, शोक, भय व जागरण यांमुळे मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही पचत नाही, हे त्रिविधकुक्षीय अध्यायात स्पष्ट आहे. आहार निर्दोष असतानाही आमाची लक्षणे का दिसतात, याचे उत्तर येथे मिळते.

या रुग्णास प्रश्न विचारला, ‘शेवटचा अर्ज रात्री किती वाजता करता?’ उत्तर आले, ‘दीड-दोन वाजता. आणि मध्ये जाग आली की मोबाइल पाहतो.’ अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात सूक्ष्म, दीप्त व अप्रिय वस्तू सतत पाहू नयेत असे सांगितले आहे. मध्यरात्री उघडलेल्या नकारपत्रात हे तिन्ही गुण एकत्र असतात!

येथे अश्वगंधा वा ब्राह्मी देण्याची घाई करू नये. अनिद्रेसाठी म्हशीचे दूध शास्त्रोक्त असले तरी ते गुरू आहे. अग्निमांद्य असताना ते दिल्यास तक्रारी वाढतात. प्रथम लघू आहार, दीपन-पाचन आणि निदानपरिवर्जन. परंतु निदानपरिवर्जन म्हणजे शोध सोडणे नव्हे, कारण ती धनैषणाच आहे. शोधाला काळ नेमून देणे, हे येथील निदानपरिवर्जन.

त्यास पुढीलप्रमाणे क्रम लिहून दिला. सकाळी ठरलेल्या वेळी उठणे, अभ्यंग, अर्धशक्ती व्यायाम, स्नान, आणि बाहेर जायचे असल्याप्रमाणे कपडे करणे. दहा ते एक अर्ज व पत्रव्यवहार. दुपारनंतर परिचितांना दूरध्वनी, अथवा विषयाचा अभ्यास. सायंकाळी सहानंतर संगणक बंद. रात्री पादाभ्यंग, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. भोजनोत्तर आडवे होण्याऐवजी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घ्यावी. ती रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही. परदेशी कंपनीची मुलाखत रात्री उशिरा असल्यास, जितके जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता झोपावे. ही मुभा वाग्भटांनीच दिली आहे.

घरच्या मंडळींनाही बोलावून घ्यावे. ‘काही जमले का?’ हा प्रश्न आपल्याकडे नेमका ताटावर विचारला जातो. तन्मनाने जेवावे हा आहारविधी त्याने मोडतो. आठवड्यातून एक वेळ ठरवून तेव्हाच विचारावे. स्त्री नोकरी शोधत असेल तर अडचण निराळी. ‘घरीच आहेस ना’ म्हणून सर्व कामे तिच्याकडे येतात आणि तिचा शोध रात्री सुरू होतो. तिचे सकाळचे तीन तास मोकळे ठेवण्यास घरच्यांना वैद्याने स्पष्ट सांगावे; वैद्याच्या शब्दाला घरात अजून वजन आहे.

उपरोक्त रुग्णास तिसऱ्या आठवड्यात भूक लागू लागली, झोप सहा तासांवर आली. नोकरी मात्र त्यानंतर चार महिन्यांनी लागली. तोवर पाठपुराव्यात औषध किरकोळ होते. वेळापत्रक तपासणे हेच मुख्य काम. त्याच अध्यायात सत्त्वावजय चिकित्सा सांगितली आहे, ती व्यवहारात अशीच दिसते.

एक दक्षता अवश्य घ्यावी. निराशा, स्वतःविषयी तिरस्कार, ‘माझे ओझे झाले आहे’ अशी भाषा आढळल्यास जगण्याची इच्छा आहे ना, हे रुग्णास एकांतात सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर शंकास्पद वाटल्यास त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ पासून सुरू असलेल्या केंद्र शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर ठळक लिहून द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी आपण स्वतः दूरध्वनी करावा.