श्रवणशक्ती : एक अमानत

पवित्र कुरआनात मानवाला लाभलेल्या देणग्यांचा उल्लेख येतो, तेव्हा अनेक ठिकाणी श्रवण, दृष्टी आणि अंतःकरण असा क्रम आढळतो. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत तर या तिन्हींविषयी जाब विचारला जाईल, अशी जाणीव करून दिली आहे. ज्या देणगीचा हिशेब द्यायचा आहे, तिचे कार्य कसे चालते हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. मेंदूला मात्र केवळ मज्जातंतूंचे विद्युतसंदेश कळतात. एकाचे रूपांतर दुसऱ्यात होते ते आंतरकर्णात. कंपनांनी कानाचा पडदा हलतो. त्यामागची तीन चिमुकली हाडे ती हालचाल आत पोहोचवतात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नलिका आहे. द्रवातील लाटेने नलिकेतील एक लांबट पातळ पटल हलू लागते. उंच स्वर पटलाच्या आरंभी, तर खालचा स्वर त्याच्या टोकाकडे अधिक कंप निर्माण करतो. पटलावरील या लाटेचा उलगडा करणारे जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पटलावर रोमपेशी आहेत. त्यांच्या माथ्यावरील सूक्ष्म रोम एका बाजूस झुकले की पेशीची अतिसूक्ष्म दारे उघडतात आणि पोटॅशियमचे विद्युतभारित कण आत शिरतात. त्यासरशी पेशी आपल्या तळाशी एक रसायन सोडते. त्याने श्रवण-मज्जातंतू उत्तेजित होतो आणि संदेश मेंदूकडे निघतो.

मेंदूकडे मुख्यत्वे संदेश धाडणाऱ्या अशा रोमपेशी एका कानात अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास असतात. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात. माणसात तसे घडत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटांवर येते.

म्हणूनच बंधूंनो, वरातीतील डीजे असो, कानात तासन्‌तास खोचलेले इअरफोन असोत किंवा आपल्याच जलशाचा कर्णा, आवाज वाढवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. स्वतःचा कान ही अमानत आहे आणि शेजारच्या पाळण्यातील बाळाचा कानही अमानतच आहे. जे गमावल्यावर परत मिळत नाही, ते आधीच जपणे हीच खरी कृतज्ञता होय.