कोरा रकाना म्हणजे शून्य नव्हे

बाजार-सर्वेक्षणाची फाइल हातात आली की बहुतेक जण आधी सरासरी काढतात. मी आधी कोरे रकाने मोजते. कुठल्या प्रश्नाखाली किती रकाने कोरे आहेत आणि ते का कोरे राहिले, हे कळल्याशिवाय पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत पक्कं झालं ते एका मसाल्याच्या कामात. तुम्ही नवा उद्योग सुरू करत असाल, बचत गटाचं उत्पादन शहरात न्यायचं ठरवत असाल किंवा शिक्षणाचा भाग म्हणून पहिलंच सर्वेक्षण करत असाल, तर ही हकिगत तुमच्यासाठी आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका उत्पादकाला कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं बाजारात आणायची होती. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हा मसाला घरात कसा येतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचं लगेच उमगेल. उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची आणायची, देठं खुडून कडक उन्हात वाळवायची, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, कांदा-लसूण परतून घ्यायचा आणि सगळं डंकावर नेऊन वर्षाचा मसाला कुटून आणायचा. एकदा बरणी भरली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुकानात जायचं कारण नाही. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने मात्र विचारलं होतं, ‘गेल्या महिन्यात घरासाठी किती मसाला विकत घेतला?’ आणि विचारलं होतं दिवाळीनंतर.

माझ्याकडे फाइल आली ती बऱ्याच उशिरा, अहवाल देऊन झाल्यावर. त्या प्रश्नाखाली शून्यांची रांग लागली होती. खोदून विचारल्यावर कळलं की फॉर्मवर तिथे शून्य नव्हतंच, रकाने कोरे होते. नोंद करणाऱ्या मुलाच्या प्रोग्रॅमला कोरा रकाना चालत नव्हता, म्हणून त्याने सगळीकडे ० भरलं. त्या कोऱ्या रकान्यांत चार वेगळ्या तऱ्हेची घरं होती. काही घरं डंकावर कुटून आणणारी, म्हणून त्यांना तो प्रश्न विचारलाच नव्हता. काही घरांत कॉलेजातला मुलगा बोलायला आला, त्याला मसाल्याचं काही माहीत नव्हतं. काहींनी ‘कशाला पाहिजे तुम्हाला हे?’ म्हणत उत्तर दिलं नाही. आणि काही ठिकाणी मुलाखतच अर्ध्यावर थांबली होती.

दहा घरं घ्या. चार घरांनी प्रत्येकी ५०० ग्रॅम मसाला घेतला आणि सहा घरांचं उत्तर मिळालं नाही. मिळालेल्या उत्तरांची सरासरी ५०० ग्रॅम. सहा कोऱ्या जागी ० भरलं की तीच सरासरी २०० ग्रॅमवर येते. बरं, डंकावरून आणणाऱ्या घराने विकतचा मसाला शून्य घेतला, हे खरंच आहे. ‘विकत’ या रकान्यात ते शून्य चुकीचं नाही. पण अहवालात वाक्य उतरलं ते ‘या भागात मसाल्याचा खप कमी आहे’ असं. जिथे घराघरांत वर्षभर हाच मसाला जेवणात पडतो, तो भाग उत्पादकाने यादीतून काढला. मूळ फॉर्म पाहून घरं वेगळी करता आली असती, पण ते रद्दीत गेले होते. सर्वेक्षण पुन्हा करावं लागलं, हंगाम गेला आणि छोट्या उद्योगाचा पैसा दोनदा खर्च झाला. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण हे टाळायला मोठं गणित लागत नव्हतं.

याच फाइलमध्ये उलट्या दिशेचा घोळही होता. ‘किती दिवसांनी पाकीट आणता?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’साठी ९९ हा संकेत ठरवला होता. नऊ घरं १५ दिवस म्हणाली आणि दहावं ‘माहीत नाही’ म्हणालं, तर ९९ आकडा समजून काढलेली सरासरी २३.४ दिवस येते. म्हणून संकेत असे निवडा की ते उत्तराच्या टप्प्यात बसूच शकणार नाहीत. दिवस, किलो, रुपये, वय अशा रकान्यांत मी उणे आकडे वापरते: लागू नाही ‑७, माहीत नाही ‑८, सांगितलं नाही ‑९. ० फक्त खऱ्या शून्यासाठी. हे संकेत प्रश्नावली छापण्याआधी एका कागदावर लिहा, फील्डवर जाणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगा आणि संगणकातही ते ‘उत्तर नाही’ म्हणून नोंदवा, नाहीतर सॉफ्टवेअर निमूटपणे त्यांचीही बेरीज करतं.

घराचा आर्थिक स्तर ठरवताना तर हा मुद्दा फार जपावा लागतो. उत्पन्न विचारलं की लोक टाळतात. आपल्याकडच्या बाजार-संशोधकांनी २०११ पासून जी वर्गवारी वापरात आणली, तिच्यात मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंच्या यादीतल्या किती गोष्टी घरात आहेत, एवढंच पाहून घराला श्रेणी दिली जाते. कल्पना चांगली आहे. पण पुष्कळ फॉर्मवर ‘असेल त्यावर खूण करा’ अशी यादी असते. मग फ्रिजपुढे खूण नसली, तर फ्रिज नाही असं समजायचं की विचारायचं राहून गेलं असं? घाईत दोन वस्तू विचारायच्या राहिल्या की घर खालच्या श्रेणीत जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. प्रत्येक वस्तूपुढे ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन ठेवा. फॉर्म थोडा लांबेल, लांबू द्या.

आता फाइलमध्ये जे कधी येतच नाही, त्या कोऱ्या जागेबद्दल. बंद दार, ‘आत्ता वेळ नाही’ म्हणणारी बाई, नाव विचारताच परत फिरणारे गृहस्थ. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना शिकवतात, पण अर्धंच. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांनी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यांवरून लँडन जिंकणार असं छापलं. निवडून आले रूझवेल्ट, तेही सुमारे ६१ टक्के मतं घेऊन. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्टच येणार हे सांगितलं होतं. टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्या वापरल्या म्हणून अंदाज फसला, एवढं सगळे सांगतात. पण ज्यांना पत्रिका मिळाली त्यांतल्याही फार थोड्यांनी ती परत पाठवली, आणि पाठवणारे व न पाठवणारे यांचा कल वेगळा होता. पंचाहत्तर लाखांहून अधिक लोकांचं मौन कुणी हिशेबात धरलं नाही.

४०० घरांचा यादृच्छिक नमुना घेतला की निष्कर्षात साधारण ५ टक्के इकडे-तिकडे होईल, हे सूत्र तुम्हाला कुणीही सांगेल. ते सूत्र असं धरून चालतं की निवडलेल्या प्रत्येक घराने उत्तर दिलं. सकाळी अकरा ते दुपारी चार फिरलात तर नोकरदार जोडप्यांची घरं बंद मिळणार. त्याऐवजी शेजारचं उघडं दार ठोठावलं की ४०० चा आकडा भरतो, पण तयार पाकिटं घेणारं घर नेमकं सुटतं. आमच्या कामात मी एक नियम कधी सोडत नाही: बंद घरी किमान दोनदा परत जायचं, एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी. बदली घर घ्यावंच लागलं तर ‘बदली’ अशी नोंद करून घ्यायचं. घरात बोलायचं ते मसाल्याचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी. प्रश्न जेव्हा प्रत्येक प्रौढ व्यक्तीबद्दल असतो, तेव्हा दार उघडेल त्याला न विचारता कोष्टक वापरून घरातला माणूस निवडतात. लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये सुचवलेली ही रीत आजही चालते.

कोरे रकाने फार असले तर चिंता करा, आणि एकही नसला तर अधिक चिंता करा. प्रत्येक घराने उत्पन्न सांगितलंय, पाच पायऱ्यांच्या सगळ्या प्रश्नांना ओळीने ४ दिलेत, वीस मिनिटांची मुलाखत सहा मिनिटांत संपलीय, असे फॉर्म मी बाजूला काढते आणि त्या घरांना फोन करून दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारते. बऱ्याचदा तिथे कुणी गेलेलंच नसतं. यात केवळ फिरणाऱ्या मुलांना दोष देणं मला पटत नाही. पैसे भरलेल्या फॉर्मवर मिळतात, तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारापर्यंत जाण्याचे मिळत नाहीत. टॅबलेटवर ‘उत्तर भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ अशी सोय करून आपणच त्यांना काहीतरी भरायला लावतो. दिवसाचा मेहनताना ठरवा, बंद दाराची नोंदही काम म्हणून मोजा, आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘माहीत नाही’ व ‘सांगितलं नाही’ हे पर्याय द्या.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मोठ्या सर्वेक्षणांसाठी रूढ केलेली एक पद्धत छोट्या कामातही उपयोगी पडते. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते दोन वेगळ्या गटांकडे द्यायचे. एका गटाच्या फॉर्मवर नकार भरपूर आणि दुसऱ्याच्या फॉर्मवर जवळजवळ नाहीत, असं दिसलं की पहिल्याच आठवड्यात चौकशी करता येते.

फाइल साफ करताना मूळ प्रत उघडायची नाही. तिची नक्कल करून नकलेवर काम करायचं आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह वहीत किंवा वेगळ्या पानावर लिहायचा. एक्सेलमध्ये ‘२-३’ असा पर्याय इंग्रजी अंकांत टाकला तर त्याची तारीख होऊन बसते, आणि मूळ प्रत नसेल तर नेमकं काय लिहिलं होतं ते शोधत बसावं लागतं. फोन नंबर आणि नावं उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल काय सांगतो ते वाचून घ्या. कायदा नसता तरी दारात उभं राहून ज्यांनी आपल्याला वेळ दिला, त्यांचे नंबर विक्री विभागाकडे जाऊ देणं मला कधीच मान्य झालं नसतं.

आणि काम दुसऱ्या संस्थेला देणार असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी एक तक्ता मागा: किती दारं गाठली, किती बंद होती, किती वेळा परत गेलात, किती नकार, किती बदली घरं, किती मुलाखती अर्ध्यावर सुटल्या, आणि प्रत्येक प्रश्नाला किती ‘लागू नाही’, किती ‘माहीत नाही’, किती ‘सांगितलं नाही’. ज्यांनी नीट काम केलंय त्यांच्याकडे हा तक्ता तयार असतो.